पुढचं मॉडेल

९ सप्टेंबर २०१०

रोहितने टॅब आणला! अमेरिकेतल्या मेव्हण्याकडून. ऑफिसात आज दुसरं काम झालंच नाही. एकेकाने यायचं, हात पँटला पुसायचा, काचेवर बोट फिरवायचं आणि "वा!" म्हणायचं. साहेबांनीही फिरवलं. मी फिरवलं नाही. म्हणजे फिरवलं, पण सगळे डबे उघडून बसल्यावर.

छान आहे. पण कॅमेरा नाही! पेन ड्राइव्ह लागत नाही! पहिलं मॉडेल घेणारा माणूस म्हणजे कंपनीचा उंदीर, प्रयोग त्याच्यावर करायचे आणि चांगला माल पुढच्याला द्यायचा. हे रोहितला तोंडावर ऐकवलं. तो म्हणाला, "दुर्गेशभाऊ, मोबाइल बी तुम्ही सगळ्यात शेवटी घेतला होता." घेतला होता. आणि ऑफिसात टॉर्चवाला मोबाइल फक्त माझाच होता.

घरी आलो तर नानाजी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहून आलेले. वडिलांना अख्खी गल्ली नानाजी म्हणते, म्हणून नातही तेच म्हणते. तिचाच हात धरून गेले होते. बारावीचं वर्ष, आणि ही पोरगी अभ्यास सोडून मारबतीमागे! खुशी हसत सांगत होती, सगळे रोगराई घेऊन जाय म्हणत होते, तर नानाजी ओरडले, "मोतीबिंदू घेऊन जाय गे मारबत!" गेल्या महिन्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, त्यावर त्यांनी काढलेला हा बिनखर्चाचा उपाय.

१४ सप्टेंबर

संध्याकाळी नानाजींना पेपर वाचून दाखवला. अक्षरं पुसट दिसतात म्हणतात. ते मागावर, मी स्टुलावर. पुढची निम्मी खोली हातमागाची, उरलेल्या घरात आम्ही चौघं. गल्लीतले बाकीचे माग केव्हाच मोडीत गेले, आमचा खट् खट् चालूच आहे.

आज टॅबची बातमी होती. काचेची पाटी असते, इथपासून तासभर समजावून सांगितलं. नानाजी म्हणाले, "मंग घेत काहून नाही गा?" म्हटलं, पुढच्या वर्षी कॅमेऱ्यावाला येणार, हलका येणार, मग आत्ता घेऊन आपलं हसं कशाला करून घ्यायचं? "बराबर हाये," नानाजी म्हणाले.

या घरात माझं बरोबर आहे म्हणणारा एक तरी माणूस निघाला!

४ ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, धरमपेठेत. म्हणाले, दिवाळीच्या आत ऑपरेशन उरकून टाका. टेबलावर लेन्सचे नमुने होते. ही साधी, ही घडीची. शिवाय आणखी चांगल्या येताहेत, दूरचं-जवळचं दोन्ही बिनचष्म्याचं दिसेल अशा.

नानाजींनी मान वळवली. "म्हंजे हे पयलं मॉडेल हाये का?"

डॉक्टर हसले. मी हसलो नाही. पुढचं काय येणार ते मला दिसत होतं.

"आमचा दुर्गेश म्हणते, पयलं मॉडेल घेनारा उंदीर असते. आमी थांबतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं त्यांचं सर्टिफिकेट फार लक्ष देऊन वाचलं.

परत येताना स्कूटरवर ओरडून सांगितलं — नानाजी, डोळा वेगळा, टॅब वेगळा! मागून एकच शब्द आला, "काहून?" मी विनाकारण हॉर्न वाजवला. वर आणखी एक कारण निघालं. मागावर ताणा चढलेला आहे, अर्धी साडी सोडून खाटेवर निजायचं नसतं, आमच्यात कोणीच निजत नाही. खरं आहे ते. स्वतःच्या लग्नाची हळदसुद्धा यांनी मागावरची साडी उतरवूनच लावून घेतली. आजी नवरीकडच्यांना चहा पाजत बसली होती म्हणे.

२० ऑक्टोबर

दीपमाला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एक पाटीची वाट पाहून राहिला, एक डोळ्याची. मी कोनाची पाहू?"

बायकोला तंत्रज्ञान कळत नाही, असं लिहिणार होतो. पण ती रोजनिशी वाचत असली तर?

८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. ऑपरेशन नाही. टॅबही नाही. चिवडा मात्र वेळेवर झाला.

५ डिसेंबर

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लेन्सची माहिती काढली. डॉक्टर खोटं बोलले नव्हते, नवीन खरंच येताहेत! घरी येऊन नानाजींना सगळं सांगितलं. आधी काय येईल, तुमची लेन्स की माझा टॅब, यावर आम्ही दोघं बराच वेळ वाद घालत बसलो. दीपमालाने स्वयंपाकघरात पातेलं आपटलं. पातेल्याचं काही चुकलं नव्हतं.

खरं सांगू का? मजा येतेय. बापाशी एवढं बोलणं आयुष्यात झालं नव्हतं. लहानपणी ते मागावर असायचे आणि मागावर बसलेल्या माणसाशी बोलायचं नसायचं, धागा चुकतो. नोकरी लागल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पगार झाला, पाऊस आला, जेवले का, संपलं. आता संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आधी आवाज येतो — "काय म्हणते गा आपली कंपनी?"

टॅबवाली कंपनी म्हणजे आपली कंपनी!

१२ जानेवारी २०११

आता टॅब नागपुरातही मिळायला लागला. म्हणजे जुना झाला! आणि लोक रांग लावून जुना माल घेऊन राहिले. धन्य आहे.

आज जरा बिनसलं. साडीच्या काठाला करवतीचे दात असतात, एकासारखा एक. नानाजींची ओळखच ती. दीपमालाने मला कोपरा दाखवला — एक दात लांब, एक बुटका, पुढे दोन एकमेकांत शिरलेले. तिनेच धीर करून सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, काठ जरासा पाहता का?" नानाजींनी डोळे खाली नेलेच नाहीत. अंगठा फिरवला काठावरून. "सरळच हाये वं." मग पुन्हा फिरवला, हळू. आणि हात मागे घेतला.

मी म्हटलं, बस झालं नानाजी, आता ऑपरेशन करून घ्या.

"तुही पाटी आली का?"

"मार्चमध्ये येईल."

"मंग मार्चमंदी दोघांचंही."

टाळी मागितली त्यांनी. मी दिली! तोडगा झकास निघाला असं मला वाटलं. दीपमाला उठून आत गेली. ती अशी उठून जाते तेव्हा मला सहसा कळायला हवं असतं.

३ मार्च

आला! कॅमेरा एक नाही, दोन-दोन! पहिल्यापेक्षा पातळ, हलका. सध्या अमेरिकेत, आपल्याकडे महिना-दोन महिन्यांत.

नानाजी वाटच पाहत होते. "घेशीन ना मंग?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "पहिल्या लॉटमध्ये काहीतरी खोट असतेच. दोन महिने जाऊ देऊ."

नानाजी खो खो हसले. "मंग मी बी!" मीही हसलो. दोघं हसतोय, आणि दीपमाला दारात पदराला हात पुसत उभी. "हसा," म्हणाली.

२० मार्च

नानाजींना सकाळपासून उलट्या. डोकं गच्च धरून बसलेत. काल होळीची पुरणपोळी जास्त झाली, पित्त उसळलं असणार. सोडा पाजला. डावा डोळा लाल आहे. होळीचा धूर गेला असेल.

२२ मार्च

पित्त नव्हतं.

मोतीबिंदू पिकून पिकून आत फुगला. डोळ्यातला दाब चढला, शीर मेली. डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, आज ऑपरेशन करू, पण ते दुखणं थांबवायला. नजर येणार नाही. कोणत्याच लेन्सने नाही.

मॉडेलचं काही बोलले नाहीत. चांगला माणूस आहे. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सगळं दीपमालालाच समजावून सांगितलं.

नानाजींना दोन दिवस दुखत होतं, आणि मी सोडा पाजत होतो. घरातला शिकलेला माणूस मी. आत नेण्याआधी त्यांनी विचारलं, "उजव्याले कोनती टाकायची गा?" म्हटलं, साधी. डॉक्टर म्हणतील त्या दिवशी. "बरं," म्हणाले. वाद नाही, काहून नाही. मी बाहेर जिन्यात जाऊन रडलो. दीपमाला शेजारी येऊन बसली. तिने ऐकवायला हवं होतं मला काहीतरी. तिने पाण्याची बाटली दिली.

२ एप्रिल

अख्ख्या गल्लीत फटाके. वर्ल्ड कप जिंकला म्हणे. नानाजी खाटेवर बसून ऐकत होते. मी पेपर वाचायला घेतला तर म्हणाले, "कंपनीचं वाच ना."

वाचलं नाही. पान फाटलंय म्हणून सांगितलं.

१३ एप्रिल

काल उजव्याचं झालं. आज पट्टी सुटली. डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, समोर कोण आहे?"

नानाजी माझ्याकडे पाहतच राहिले. मग हात वर करून माझ्या डोक्यावरून फिरवला. "केस कवा पांढरे झाले गा तुहे? मले कोनी सांगतलंच नाही!"

खुशीची आता बारावी झाली. माझे केस ती पाचवीत होती तेव्हा पांढरे झाले.