आत्या, ते दुखणं सासरचं नव्हतं

प्रिय आत्या,

तू गेल्याला नऊ वर्षं झाली, आणि तुला लिहायला मला आजचा दिवस उजाडावा लागला! काल माझा रक्ताचा रिपोर्ट आला. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष माझ्यात आहे आणि तो बहुधा बाबांकडून आलाय. म्हणजे तुमच्याच घरातून.

दिवाळीत माझी गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला होता?" मी बेधडक सांगितलं, "आईकडे कुणालाच नाही." त्यांनी वडिलांकडचं विचारलं तेव्हा कुठे तू आठवलीस. तोवर मी तुला धरलंच नव्हतं गं.

कशी धरणार? तुझ्या तेरवीला बाबाच म्हणाले होते, "लग्न झालं, गोत्र बदललं. हे दुखणं तिच्या सासरचं." सासरचे म्हणत, माहेरूनच घेऊन आली. मरूनही तू कुणाच्याच घरची झाली नाहीस.

तुझाही राग येतो मला. कामठीहून यायचीस ती पदर घट्ट लपेटूनच. आईनं खोदून विचारलं तर म्हणायचीस, "काही नाही वं, गाठ आहे. दुखून नाही राहिली." दुखत नाही म्हणून वर्षभर डॉक्टरांपासून लपवलीस! असं का केलंस?

आता ऐक. आपल्या पल्लवीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. केमोनं माझे केस गेलेत, म्हणून मी विग लावून मिरवायचं, हेही ठरलंय. माझी सख्खी बहीण ती, हा दोष तिच्यातही असू शकतो. असला म्हणजे कॅन्सर होईलच असं नाही, पण आधी कळलं तर बरंच करता येतं. बाबांना हे सगळं समजावलं. तुमचीही तपासणी करा म्हटलं.

"मले? बायकांचा रोग मले कसा होईन?" ते हसले. मग रिपोर्ट घडी करून खिशात घातला. "पल्लवीले सांगू नको. अक्षता पडू दे आधी. मंग तिच्या सासरचे पाहतील."

तुझ्या तेरवीला बोलले तेच पुन्हा, आत्या.

आज सीताबर्डीला ब्लाउज घालून पाहायला गेलो होतो. पल्लवी शिवणाऱ्या काकूंना म्हणाली, "डावीकडून सैल करा नं, काखेत टोचून राहिलं." काकूंनी टेप लावला. "पोरी, महिन्यापूर्वी तं बरोबर होतं."

गाठ तर नसेल, म्हणून मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

उद्या सकाळची वेळ घेतली आहे. आज जेवणं झाली की तिला सगळं सांगते. लग्न मोडलं तर मोडो, बाबांनी तोंड फिरवलं तर फिरवोत. तुला वचन देते, तिला ओढत का होईना, मी नेणारच.

फक्त उशीर झालेला नसू दे गं.

तुझी भाची,
वैशाली