ऐकू न आलेली शिट्टी

आई,

आज गॅरेजला सुट्टी आहे आणि मी तरी इथंच येऊन बसलोय. घरी थांबलं की माणसं बोलतात, आणि बोलली की उत्तर द्यावं लागतं. इथं शटर अर्धं ओढून घेतलं की निदान कुणी काही विचारत नाही. दमलोय गं. काम नेहमीचंच आहे, पेठ रोडवर गाड्या येतात तशा येतात, बिघडतात तशा बिघडतात. दमलोय ते दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून. तू आयुष्यभर हे कसं केलंस कोण जाणे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं, पण तुझं ‘काय शे?’ लगेच आठवतं. मालेगावला लूमच्या शेडमध्ये कांड्या भरता भरता तुझे कान गेले, आणि ते गेलेले कान घेऊनच तू लग्न होऊन नाशकात आलीस. आम्ही भावंडं एकदा नीट बोलायचो, दुसऱ्यांदा ओरडायचो आणि तिसऱ्यांदा ‘जाऊ दे’ म्हणून निघून जायचो. मागून तुझं येतच असायचं, ‘काय शे? काय शे?’ आमच्या घरात अहिराणी उरली होती ती तेवढीच.

स्वयंपाकघरात मात्र तुझं कुणावाचून अडायचं नाही. कुकरची शिट्टी तुला ऐकू यायची नाही, म्हणून तू ओट्याशी उभी राहून वाफ बघायचीस. दाराची कडी वाजली तर ती कळायची नाही, पण उंबऱ्यावर सावली पडली की तू मान वळवायचीस. आणि सिलिंडर बदलायचा दिवस म्हणजे तर सोहळाच. बाबा रेग्युलेटर बसवायचे, त्याला कान लावायचे, नाकानं हुंगायचे आणि म्हणायचे, “काही आवाज नाही, पेटव आता.” तू त्यांना हातानं बाजूला सारायचीस. “तुमचे कान तुमच्यापाशी ठेवा. मला फेस बघू द्या.” मग कपात साबणाचं पाणी, बाबांचा केस झडलेला दाढीचा ब्रश, आणि रेग्युलेटरच्या भोवती, नळीच्या दोन्ही टोकांना तू जाड फेस लावत जायचीस. आम्हाला डबे घेऊन शाळेला पळायचं असायचं आणि तू कंबरेवर हात ठेवून फेसाकडे बघत उभी. एकदा बाबांनी नेहमीसारखं ‘काही आवाज नाही’ म्हटलं, आणि नळीच्या टोकाशी एक बुडबुडा हळूहळू फुगत आला, फुटला, त्याच जागी दुसरा आला. तू नुसतं “पाहा” म्हणालीस, गॅस बंद केलास आणि खिडकी उघडलीस. त्या दिवशी डब्यात आम्हाला पाव मिळाला होता.

आता गंमत बघ. अशा बाईच्या पोराचं नाव झालं ते कानावर. बोनेट उघडायच्या आधी मी सांगायचो की बेअरिंग आहे की बेल्ट आहे की टॅपेट. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडावर दाबायची, डोळे मिटायचे. समोर गाडीचा मालक श्वास धरून उभा. सटाण्याहून, पिंपळगावहून लोक यायचे, “शेठ, फकस्त ऐका” म्हणायचे. मलाही त्याची चटक लागली, खोटं कशाला बोलू. पण हातोडी, जनरेटर, कंप्रेसर, या सगळ्यांत इतकी वर्षं गेली आणि माझं तुझ्यासारखं झालं. डॉक्टरनं कानावर डबे चढवून तपासलं आणि सांगितलं, जाड आवाज येतात, बारीक आवाज गेलेत. शिट्टी, पाखरं, बायकांचं बोलणं. मशीन घ्या म्हणाला. घेतलं, आणि पान्यांच्या खणात ठेवून दिलं. कानात मशीन घातलेल्या माणसाकडे गाडीचा आवाज ऐकवायला कोण येईल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर या आठवड्यात पिंपळगावचा एक ड्रायव्हर आला. पिकअप त्याची स्वतःची. मागं द्राक्षांचे क्रेट भरलेले, वर ताडपत्री, गुजरातकडे निघाला होता. “शेठ, चढाला लागली का शिट्टी मारती. लय बारीक, पन डोक्यात जाती. गाडी वढत नाय, धूर काळा टाकती. सावळघाटात तर मागचे हार्न देऊन देऊन येडे झाले.” त्याला दुसऱ्या गॅरेजमध्ये सांगितलं होतं, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला, नवा टाका. नवा यायला दोन-तीन दिवस. तेवढ्यात माल दुसऱ्याच्या गाडीत जाणार, आणि हंगामात एकदा गेलेला व्यापारी परत येत नाही. तो म्हणाला, “तुमचा कान म्हनंल ते खरं. तुम्ही ‘गेला’ म्हना, मी माल उतरवतो.”

तुझी नात आता माझ्याबरोबर गॅरेजमध्ये असते. डिप्लोमा केलाय, स्कॅनर लावते, माझी गिऱ्हाइकं तिला आधी विचारतात. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तिला चिडवतो, तीही ऐकून घेते. तिनं स्कॅनर लावला. “हवेचा दाब कमी दाखवतंय पप्पा. टर्बो कमी देतोय की दिलेली हवा मधे कुठं जातेय, ते यात कळत नाही.” मग आम्ही तिघं गाडी घेऊन म्हसरूळच्या पुढं जाऊन आलो. चढाला ड्रायव्हरनं पाय दाबला आणि म्हणाला, “ही बगा!” मुलगी म्हणाली, “हो, आली.” आई, मला काही आलं नाही. इंजिनची घरघर आली, टायर आले, ताडपत्रीची फडफड आली. मी मान हलवली आणि ‘हं’ म्हणालो.

परत आल्यावर बोनेट उघडलं. ड्रायव्हरनं गाडी चालू ठेवून रेस केली, मी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले. नुसतं नाटक. हाताला थरथर लागत होती, कानात काहीच नव्हतं. इंजिन बंद करून, गार होऊ देऊन, टर्बोचं चाक बोटांनी हलवून पाहिलं. जरासं हललं. जरासं सगळ्यांचंच हलतं. पण त्या क्षणी मला ते पुरेसं वाटलं. टर्बो गेला म्हणायचं, नवा बसला की शिट्टी थांबेल नाहीतर थांबणार नाही, पुढचं पुढं. दोन ठिकाणी तेच सांगितलं म्हटल्यावर मला कोण दोष देणार होतं? ऐकू न येणाऱ्या माणसाला सगळ्यात सोपं उत्तर तेच होतं. ‘गेला’ हा शब्द अगदी ओठावर आला होता. ड्रायव्हर ताडपत्रीची दोरी सोडायला मागं वळला होता. त्याचे हात बघितले आणि मला माझीच लाज वाटली.

“थांब,” मी म्हणालो. “मला फेस बघू दे.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी टर्बोच्या तोंडाला नळी जोडलेलं बूच बसवलं आणि त्यातून कंप्रेसरची हवा बेतानं आत सोडली. बादलीत साबण खळबळला, रंगाचा जुना ब्रश घेतला. टर्बोपासून हवा गार करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत जाणारा रबरी पाईप, तिथून इंजिनपर्यंतचा दुसरा, सगळे जोड, ते आवळणाऱ्या सगळ्या पट्ट्या. फेस लावत गेलो आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. वरून कुठंच काही नाही. ड्रायव्हर चुळबुळ करायला लागला. मग मी खाली पोतं टाकून गाडीखाली शिरलो. दुसऱ्या पाईपच्या पोटाला, पट्टीच्या अगदी कडेला, जिथं वरून नजर जात नाही, तिथं एक बुडबुडा फुगला. फुटला. त्याच जागी दुसरा आला. मी तसाच पडून राहिलो थोडा वेळ. साबणाचं पाणी कॉलरमध्ये गळत होतं. “पाहा,” मी म्हणालो.

पाईप चिरला होता, बाकी टर्बो ठणठणीत. तसला पाईप द्वारका चौकातल्या दुकानात मिळाला, मुलगीच जाऊन घेऊन आली. ड्रायव्हर चक्कर मारून आला, हसत होता. “शेठ, मुकी झाली! कान हाय का काय हाय तुमचा!” मी त्याचा गैरसमज तसाच राहू दिला. तो गेल्यावर मुलीनं विचारलं, “पप्पा, हे फेसाचं तुम्हाला कुणी शिकवलं?” मी म्हणालो, उमेदवारी करताना शिकलो, सगळेच करतात.

तुझं नाव घेतलं नाही, आई. घेतलं असतं तर तुला फेस का लागायचा तेही सांगावं लागलं असतं, आणि मग ती पोरगी माझ्या कानांकडे बघत राहिली असती. एवढ्यासाठी तुला वगळलं. हे तुला पोचणार असतं तर मी लिहिलंच नसतं.

त्याच संध्याकाळी मी हात धूत होतो. ती मागून काहीतरी म्हणाली. मला नुसता आवाज आला, शब्द नाही, आणि तोंडातून निघून गेलं, “काय शे?” उभ्या आयुष्यात मी तो शब्द कधी उच्चारला नव्हता. तिनंही तो कधी ऐकलेला नव्हता. ती हसली नाही, ओरडलीही नाही. हातातलं काम थांबवून ती फिरून माझ्या समोर आली, उजेडात उभी राहिली आणि तेच पुन्हा सावकाश म्हणाली. बहुतेक पुष्कळ दिवसांपासून ती तशीच समोर येऊन बोलत असावी.

चहा सांगू का, एवढंच ती विचारत होती.