चिठ्ठीत आलेली बाजू

आबा,

माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती गंभीरपणे ऐकून घेईल असं दुसरं कुणी उरलेलं नाही. माझ्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीवरची घड्याळं आता नऊ झाली आहेत. व्याख्यानाला बोलावणाऱ्या मंडळींनी आपसात काय ठराव केला आहे कोण जाणे, पण पाहुण्याला शाल, नारळ आणि घड्याळ दिल्याशिवाय जिल्ह्याबाहेर सोडायचं नाही असा दंडक दिसतो. नारळाची चटणी होते, शाली मी लग्नांत देऊन टाकते. घड्याळ मात्र देता येत नाही, कारण त्याच्या तबकडीवर मंडळाचं नाव असतं आणि काही वेळा अध्यक्षांचा फोटोही. अध्यक्षांच्या नाकावरून दिवसभर सेकंदकाटा फिरतो. नऊ घड्याळं नऊ वेळा दाखवतात, आणि एका नागरिकाला आपल्याच घरात किती वाजले हे कळू नये, यावर दाद कुठं मागायची ते राज्यघटनेत सापडत नाही.

नववं काल सांगलीत मिळालं. एका कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय पत्रिकेवर छापलेला होता म्हणे, पण मी पत्रिकेत फक्त मानधनाचा आकडा वाचते. खुर्चीत टेकल्यावर फळ्याकडे नजर गेली. राज्य लॉटरीच्या उत्पन्नातून महाविद्यालयीन शिष्यवृत्त्या आणि खेळ यांना पैसा द्यावा की नाही. वीस वर्षं उलटून गेली आबा, आणि विषयाचा एक शब्दसुद्धा बदललेला नाही. शेवटी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी वीस मिनिटं बोलले, पोरं हसून हसून बाकांवर आडवी झाली, आणि विषयाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. लोक हसतात, त्यावरच माझं घर चालतं. पण येताना गाडीत खिडकीशी बसले आणि तुम्ही डोळ्यांपुढून हलेनात.

साताऱ्याच्या स्टँडबाहेरचं तुमचं टेबल मला अजून दिसतं. दोरीला कपड्यांचे चिमटे, चिमट्यांत रुपया-रुपयाची तिकिटं, आणि मागे स्टुलावर तुम्ही, खाकी स्वेटर घातलेले, लाकडी पाय सरळ पुढे काढून. खरा पाय पासष्टच्या लढाईत गेला होता. त्याआधी पलटणीत तुम्ही पळायचा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पळणाऱ्याला लंगरातून, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यातून, जास्तीचं दूध आणि दोन अंडी मिळायची, ते तुम्ही इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या अंड्यांची चव मलाही माहीत होती. मेढ्याच्या डोंगरातल्या आपल्या मूळ घरी दूध विकायचं असतं, प्यायचं नसतं. "पळनाऱ्याला दूध कुनीतरी द्यावं लागतं," तुम्ही म्हणायचा. "सोताच्या दुधावर पळलेला मानूस मी बघितला न्हाई."

जगात असा लॉटरीवाला दुसरा झाला नसेल. बाजारच्या दिवशी, जेव्हा सगळ्यांच्या खिशात पैसा असतो, तेव्हा तुमचं टेबल बंद. एका माणसाला आठवड्याला एकच तिकीट. आणि तेही मागणाऱ्याला आधी विचारायचं, "घरचं दळन झालंय का?" स्टँडवरचा एक हमाल होता, लालभडक पागोट्याचा, तो एकदा वैतागून म्हणाला, "आवं हवालदार, तिकीट मागतोय, सोयरीक न्हाई मागत." तुम्ही म्हणालात, "सोयरीक मागितलीस तर द्येईन एक वेळ. दळन सांग." तो जाऊन चक्कीवरून पिठाचा डबा घेऊन आला, तुमच्यापुढे झाकण उघडलं, आणि मग त्याला तिकीट मिळालं. मी शेजारच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसलेली. मी हसले. त्या वयात मी सगळ्यालाच हसायची.

सोडतीचा निकाल आला की तुम्ही चष्मा लावून प्रत्येकाचा नंबर दोनदा तपासायचा. मग हरलेलं तिकीट नीट घडी घालून त्या माणसाच्या हातात परत द्यायचा आणि म्हणायचा, "वाया न्हाई गेला रं गड्या. कुनाच्या तरी पोरीच्या फीला लागला." सरकार तो पैसा नेमका कुठं घालतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण तुमचं कमिशन कुठं जातं ते मला ठाऊक होतं. माझी कॉलेजची फी, सायन्स सोडून आर्ट्सला आल्यावर घेतलेली दुसऱ्यांदाची पुस्तकं, सगळं त्या चिमट्यांमधून आलेलं.

दुष्काळ सरून वर्ष झालं असेल तेव्हा सांगलीच्या स्पर्धेचं पत्र आलं आणि हाच विषय. मी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात, आई भाकरी थापत असताना, पाटावर बसून अनुकूल बाजूचं भाषण लिहून काढलं. चार पानं. त्यात मला काहीच शोधावं लागलं नाही. दूध होतं, अंडी होती, हरलेल्या माणसाच्या हातात परत दिलेलं घडीचं तिकीट होतं. आयुष्यात मी त्यानंतर पुष्कळ लिहिलं, पण ती चार पानं लिहिताना मी एकदाही कुणाला चिमटा काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये दोन चिठ्ठ्या टाकल्या, कारण कॉलेजने एक वक्ता बाजूने आणि एक विरोधात पाठवायचा होता. मला विरोध आला. बरोबरच्या मुलाला अनुकूल. तो वाळव्याकडचा, कॉलेजचा सगळ्यात वेगवान धावपटू, कॅन्व्हासच्या बुटांतून अंगठे बाहेर आलेला. त्याला बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. मी माझी चार पानं त्याला देऊन टाकली. विरोधाचं भाषण मला एका बैठकीत जमलं. जिभेला धार असली की त्याला वेळ लागत नाही.

तुम्ही येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सोडतीच्या दिवशी टेबल बंद ठेवून, एस.टी.ने सांगलीपर्यंत. बाकांच्या रांगेत लाकडी पाय मावत नाही, म्हणून तुम्ही दाराशी भिंतीला टेकून उभे राहिलात. मी पाहिलं ते माझं भाषण अर्धं झाल्यावर.

आधी तो बोलला. माझी पानं त्याने पाठ केली होती, पण अंडी आणि तिकीट काढून तिथं आपलं गाव घातलं होतं; ती त्याची झाली होती, कारण दुधावाचून पळणं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. सभागृह शांत होतं. मग मी उठले. सरकार म्हणतं नशीब काढा, मी म्हणते खिसा कापतात. ज्याच्या पोराने शाळा सोडली त्या हमालाच्या रुपयावर वकिलाचं पोर क्रिकेट खेळणार. टाळ्या. आणि मग मी नक्कल केली. चष्मा लावल्यासारखं केलं, हवेतलं तिकीट घडी घातलं, मान तिरकी करून म्हटलं, "वाया न्हाई गेला रं गड्या, कुनाच्या तरी पोरीच्या फीला लागला." सभागृह कोसळलं. लुटल्या गेलेल्या माणसाला दानशूर म्हणून घरी पाठवायची ही नवी युक्ती, असं काहीतरी मी पुढे म्हणाले, आणि त्याच वाक्याला मला दाराशी खाकी स्वेटर दिसला. मी थांबले नाही आबा. घंटा व्हायला अजून एक मिनिट होतं आणि मी ते पुरं वापरलं.

फिरता चषक मला मिळाला. बाहेर व्हरांड्यात तुम्ही म्हणालात, "ब्येस बोललीस." परतीची गाडी इस्लामपूरला थांबली तेव्हा आपण चहाला उतरलो. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि तो पितापिता विचारलंत, "त्यो पळनारा पोरगा कुटला गं?"

"वाळव्याकडचा."

"माझ्या पोटातलं बोलला. हरला बिचारा."

"दोन गुणांनी," मी म्हटलं.

तुम्ही बशी खाली ठेवली. "आन् तू बोललीस त्ये? मनापास्नं खरं हाय का त्ये?"

चषक माझ्या काखेत होता. मी म्हटलं, "खरं नसतं तर बोलले असते का, आबा?"

"न्हाई. तू कशाला खोटं बोलशील," तुम्ही म्हणालात. "मग बरं झालं. कुनीतरी सांगाय पायजेच हुतं."

पुढच्या आठवड्यात टेबल उठलं. उरलेली तिकिटं एजंटाला परत गेली आणि चिमटे आईच्या दोरीवर आले. तुम्ही ओळखीच्या एका सुभेदाराला धरून कोयनानगरला गोदामाच्या राखणीवर लागलात. तिथला पाऊस म्हणजे चार महिने अंगावरचं कापड वाळायचं नाव नाही. लाकडी पायाचे पट्टे ओले, आतलं मांस ओलं. दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि खालच्या चिठोऱ्यावर तुमचं टाकाने लिहिल्यासारखं अक्षर: 'फी पाठवली आहे. पैसे कष्टाचे आहेत. काळजी नसावी.' मधलं वाक्य दर वेळी. एकदाही गाळलं नाहीत.

पहिल्या दिवाळीला तुम्ही आलात आणि दारात बसून पाय काढलात. आईने कडुनिंबाचं पाणी उकळलं. जखम पाहून ती मला मागच्या दारी घेऊन गेली. "तुझ्या आबांस्नी म्हन, परत टेबल मांडा. माझं ऐकत न्हाईत. तुझं ऐकत्यात." मी म्हटलं, सांगते. चार दिवस तुम्ही घरी होतात. सांगायचं तर चिठ्ठीपासून सांगावं लागलं असतं. मी अभ्यासाचं पुस्तक वर धरून बसले, आणि तुम्ही आईला म्हणालात, पोरीला हाक मारू नको, वाचतीया.

तिसऱ्या पावसाळ्यात त्या जखमेचं विष अंगात भिनलं आणि तुम्ही गेलात. साताऱ्याला दहाव्याला तो लाल पागोट्याचा हमाल आला होता. मला म्हणाला, "ताई, आता तिकडं दुसरं टेबल झालंय. त्यो काय बी इचारत न्हाई. मी म्हैन्याला धा-धा तिकिटं घेतो." तक्रार म्हणून नाही, तुमची आठवण म्हणून सांगत होता.

काल सांगलीत परीक्षक म्हणून मला दोन्ही बाजूंना गुण द्यायचे होते आणि दोन्ही बाजू मला पाठ होत्या. हमालाच्या रुपयावर कॉलेजं चालवू नयेत, हे मी तेव्हा बोलले ते आजही मला चूक वाटत नाही. जो सगळ्यात कमी शिकला त्याच्याकडून शिक्षणाचा पैसा काढायचा आणि त्याला नशीब म्हणायचं, यात काहीतरी घाण आहेच. पण दळण विचारून घेतलेल्या रुपयावर मी शिकले, आणि तो रुपया बंद झाला म्हणून हमालाच्या घरात एक पायली पीठ जास्त आलं असं घडलं नाही. यावर काय निकाल द्यायचा मला कळत नाही. काल मी दोघांना सारखे गुण दिले आणि आयोजक माझ्यावर नाराज झाले.

मी जे लिहिते ते छापायला देते, अगदी किराण्याच्या यादीवरसुद्धा मी एक लेख पाडला आहे. हे देणार नाही. इस्लामपूरला मी घाबरून खोटं बोलले असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. बशी खाली ठेवून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत ते वरच्या हुद्द्याच्या माणसाकडे पाहावं तसं, आणि मला ते आवडलं. इतकं आवडलं की चिठ्ठीचं सांगून ते घालवावंसं वाटलं नाही.

तुम्ही विचारलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आता देते.

न्हाई आबा. मनापास्नं न्हवतं. मला तशी चिठ्ठी आल्ती. त्यो पोरगा बोलला त्ये माझं हुतं.