चार चाकं

ता. ४ मार्च

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नका. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचं आणि जाऊबाईंचंही बरं चाललं असेल असं धरून चालते.

विषय तोच, तुम्हा दोघा भावांचं ते पिनबॉलचं धूड. तुमचं ते नाणी टाकून खेळायचं खेळघर बंद झाल्यापासून जिन्याखाली चादर पांघरून पडलं होतं, निदान गप्प होतं. सात महिन्यांपूर्वी यांच्या मनात काय आलं देव जाणे, दोन हमाल बोलावून ते बाहेरच्या खोलीत आणलं. तेव्हापासून ते चार पाय पसरून उभं आहे आणि आम्ही भिंतीला घासून चालतो. माझं शिलाई मशीन स्वयंपाकघरात गेलं. गिऱ्हाइकांचे कपडे कांद्याचा वास घेऊन घरी जातात. एका बाईने तर तोंडावर सांगितलं.

वरची फळी उचलली की खाली तारांचं नुसतं जंगल. प्रत्येक तारेच्या टोकाला एक इवलीशी धातूची पत्री, आणि प्रत्येक पत्री कानस लावून घासायची. रबरं सगळी नवी घातली. बेचाळीस दिवे बदलले. लोखंडी गोळी परतवणारे खालचे दोन फ्लिपर आठ दिवस हलायला तयार नव्हते, नवव्या दिवशी एक हलला तर यांनी मला आंघोळ अर्धी टाकून बाहेर यायला लावलं. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग चालतं, आणि आम्ही ताटं मांडीवर घेतो.

हे सगळं सोसलं. पण गेल्या आठवड्यात यांनी जुन्या वस्तूंचा एक पारखी बोलावला, मशीनचं मोल करायला. म्हटलं, "विकायचं आहे का?" तर म्हणे, "नाही."

"मग मोल कशाला?"

"आपल्याकडे काय आहे ते माणसाला माहीत असावं."

चौतीस वर्षं संसार केला, भाऊजी, माझं मोल करायला अजून कोणी आलेलं नाही.

तर तो पारखी आला. हातमोजे, बॅटरी, भिंग. अर्धा तास मशीनखाली उताणा पडून होता. मागच्या उभ्या काचेवर रंगवलेल्या, सूर मारणाऱ्या बाईचा रंग कुठेही सुटलेला नाही म्हणून खूश झाला. मग काचेमागे डोकावला आणि म्हणाला, "गुणांची चाकं कुठे आहेत? आकडे फिरतात ती चार चाकं?"

हे म्हणाले, "भावाने नेली."

परक्या माणसासमोर, जणू पावसापाण्याची गोष्ट. पारख्याने वहीत काहीतरी लिहिलं. मी चहाचे कप उचलून आत गेले.

म्हणून विचारते, म्हणजे हे विचारायला सांगतात म्हणून विचारते: लाल पत्र्याच्या डब्यातली ती चाकं तुमच्याकडे चुकून कुठे पडली आहेत का? असली तर पाठवा, नसली तर तसं दोन ओळींत कळवा. यांना स्वतः लिहायचा कंटाळा. आम्हाला पुढच्या महिन्यात लेकीच्या शेजारी लहान जागेत जायचं आहे. तसं विशेष कारण काही नाही, इथला जिना उंच आहे. तिथे हे धूड दारातून आतही जाणार नाही, त्यामुळे काय तो सोक्षमोक्ष आत्ताच लागलेला बरा.

मला या भानगडीत पडायचं नाही. मी फक्त लिहून देते.

वहिनी


ता. १९ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. "चाकं मी नेली नाहीत. दादाने विचारलं तेव्हाही हेच सांगितलं होतं. आता तुम्हीही विचारता, याचं वाईट वाटलं." तीनच वाक्यं. ते कार्ड मी दोन दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं, आणि पीठ काढताना प्रत्येक वेळी वाचलं.

चाकं तुम्ही नेली नाहीत हे मला माहीत होतं. पहिलं पत्र लिहितानाही माहीत होतं. ती मी भंगारवाल्याला दिली.

तुम्ही खेळघर मोडलंत त्या वर्षीची गोष्ट. घरात जागोजागी पेट्या, गुंडाळ्या, तुटके दांडे. मला त्या महिन्यात शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर होती, आणि हा लाल डबा माझ्या पायाशी. तिसऱ्यांदा त्याला ठेचकाळून नख उपटलं तेव्हा दारात भंगारवाला उभा होता. डबा न उघडताच उचलून त्याच्या हातात दिला. आत काय आहे ते त्यानेच झाकण काढून दाखवलं. तरीही मी "घेऊन जा" म्हटलं. रागात होते. भंगारवाला गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत राग गेला होता, पण मी हाक मारली नाही.

तीन आठवड्यांनी यांना डबा सापडेना. मला वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. तेवढ्यात हे तुमच्या दारात जाऊन उभे राहिले आणि जाऊबाईंच्या देखत नको तो शब्द बोलले. मी शेजारीच उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आठवतं? मी पदर सारखा करत राहिले. तेव्हा चार चाकांची गोष्ट होती, त्या क्षणानंतर ती माझी गोष्ट झाली. आणि ती दर वर्षी जड होत गेली.

पाच दिवसांपूर्वी यांना सांगितलं. हे माझ्या शेजारी स्टुलावर होते, मी तार जोडत होते.

"चाकं भाऊजींनी नेली नाहीत."

"मग?"

"मी भंगारात दिली. डब्यासकट."

 मग म्हणाले, "मी त्याच्या दारात गेलो त्याच्या आधी?"

"आधी."

उठून बाहेर गेले. संध्याकाळी आले, जेवले, झोपले. दोन दिवस माझ्याशी शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीतून आवाज आला, "डावीकडच्या कॉइलची तार सुटली आहे, तेवढी लाव." मी लावली.

मी तार का जोडते, असं तुम्हाला वाटेल. मागच्या पत्रात धडधाकट लिहिलं ते खोटं. यांचे हात थरथरतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, थांबणार नाही हेही सांगितलं. आधी कपातला चहा सांडायचा. ऑक्टोबरात सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न अंगठ्यावर घेतलं, तेव्हापासून ते माझ्या हातात आहे. हे विणकामाच्या सुईने दाखवतात, ही पत्री, ती तार, आणि मी चुकले की मास्तरासारखे चिडतात. मीही चिडते. एकदा म्हटलं, "मग तुम्हीच करा." म्हणायला नको होतं. उंच जिना, लहान जागा, पत्र मी लिहिणं, सगळ्याचं कारण तेच.

पारख्याचं पत्रही आलं आहे. मूळच्या चाकांसह मशीनला चांगलं मोल होतं, चाकांशिवाय निम्म्याहून कमी. जुन्या मशीनची चाकं मिळाली तर बसतील, पण मूळचं ते मूळचं, असं लिहितो. ते नुकसान माझ्या माथी, मान्य आहे.

मी यांना विचारलं, "विकायचं नाही, नव्या घरात मावत नाही, मग सात महिने कशासाठी राबलो आपण?"

म्हणाले, "त्याला द्यायचं आहे."

"कोणाला? तुम्ही तर त्यांना चोर म्हणत होता."

"म्हणत होतो. पण दुसऱ्या कोणाला देणार?"

"आणि मोल?"

"फुकटातलं आहे असं त्याला वाटू नये म्हणून."

कपाळावर हात मारून घेतला मी. असा माणूस, भाऊजी. अकरा वर्षं तुमचं नाव काढलं की जेवणावरून उठायचा, आणि सात महिने तुमच्यासाठी पत्र्या घासतोय, घासून घेतोय.

मशीन चालतं. काल गोळी सोडली, दिवे लागले, घंटा वाजली. यांना फ्लिपरची बटणं वेळेवर दाबता आली नाहीत. "भाऊ दाबेल," म्हणाले.

माफी मी तुमची मागते आणि जाऊबाईंची वेगळी मागते. त्यांना हे पत्र वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका. तुम्ही रागावलात तर तो राग माझ्यावर असू द्या, यांच्यावर नको. यांना त्या दिवशी मी गप्प राहून फसवलं होतं.

पत्र यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाले, "शेवटी लिही, ये."

मी म्हटलं, "माफी मागायची असेल तर 'या' म्हणावं माणसाने."

म्हणाले, "मी त्याला आयुष्यात कधी 'या' म्हटलेलं नाही. 'या' वाचलं तर त्याला वाटेल, मी अजून रागावलोय."

म्हणून त्यांचं ते त्यांच्या शब्दात: ये.

आणि माझं माझ्या: या, भाऊजी.

तुमची वहिनी