निम्म्यात मिटवायचं की नाही

मुक्काम वालूर,
फाल्गुन वद्य पंचमी
(आज नेमकी रंगपंचमी आली, त्याला माझा इलाज नाही. रंगाचा विषय मुद्दाम काढला असं कृपा करून समजू नये.)

राजमान्य राजेश्री माणिकराव दाजी, मुक्काम चारठाणा, यांना धाकटा मेहुणा दिनकर याचा वाकून रामराम. इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत. आईचे गुडघे तेवढे तिचं ऐकत नाहीत, पण आई तरी कुठं कुणाचं ऐकते. तुमची तब्येत, थोरल्या आबांचा दमा, नर्मदाआक्का, भाचा भुजंग आणि तुमची ती लाल गाय (अजून आहे ना? लग्नात मला लाथ मारली होती तीच म्हणतो मी) या सगळ्यांचं कुशल कळवावं. आपल्या दोन घरांत कागद जाऊन-येऊन किती दिवस झाले ते मी मोजत नाही. मोजायला बसलो की मला राग येतो, आणि आज रागात लिहायचं नाही असं ठरवून दौत पुढं घेतली आहे.

लिहिण्यास कारण की, एका व्यवहारात तुमचा सल्ला पाहिजे. तुम्ही व्यवहाराला पक्के, हे आमचे वडीलही म्हणायचे. (लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा म्हणायचे, कोणत्या सुरात ते आता जाऊ द्या.) तर वडिलांनी तुमच्या लग्नासाठी सेलूच्या बन्सीधर साहुकाराकडून जे कर्ज काढलं, ते वडील गेल्यावर माझ्या डोक्यावर आलं. त्याच कर्जातून व्याही म्हणून आबांच्या मानाचा तो लाल पटका घेतला होता. रंग पक्का आहे म्हणून दुकानदारानं लेकराची आण घेतली होती, दाजी! आता वैशाखातलं ऊन, वरात गावभर फिरलेली, घामानं रंग सुटला आणि आबांच्या कपाळावरून मिशांत उतरला, यात आमचा काय गुन्हा? आणि मांडवातल्या कुणा म्हातारीनं 'अगं बाई, पाव्हण्याचं डोस्कं फुटलं' म्हणून बोंब ठोकली, ती म्हातारी तर आमच्या नात्यातलीसुद्धा नव्हती. पण लोक हसले, आबा उठले, आणि तिथून आपल्या दोन घरांची वाट मोडली. वडील गेले तेव्हा आक्का आली, तीसुद्धा उभ्या उभ्या परत गेली. असो. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, मी उगीच लांबवायलोय.

या कर्जाच्या वसुलीला साहुकाराचा माणूस येतो, त्याचं नाव सटवाजी. (तुम्ही त्याला बघितलं असेल, तुमच्या गल्लीतही साहुकाराचं एक कर्जदार कूळ आहे.) सेलूहून निघाला की आधी वालूर, मग चारठाणा, अशी त्याची महिन्याची फेरी. वसुलीचा माणूस म्हणजे मिशांना पीळ, हातात काठी, दारात आरडाओरडा, असं आपल्या डोळ्यांपुढं येतं. हा आपला येतो, ओट्यावर बसतो, छत्री मिटवून मांडीवर आडवी घेतो आणि खाकरतो. बस्स. पैसे मागतसुद्धा नाही. त्या खाकरण्याची मला इतकी धास्ती बसली आहे की परवा खंडोबाच्या देवळात कुणीतरी खाकरलं तर माझा हात आपोआप कनवटीला गेला. आणि आमच्या आईचा न्याय बघा: ज्यानं वसुलीला यायचं त्याच्या भाकरीवर माझ्यापेक्षा जास्त लोणी! निघताना वर एक पुरचुंडी. त्यात कधी तिळाची चटणी, कधी शेंगदाण्याचे लाडू. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाली, वसुलीवाल्याचं तोंड गोड ठेवावं, तुला कळायचं न्हाई. मला वाटलं म्हातारी धोरणी आहे.

तर होळीच्या आधी सटवाजी आला, बसला, पण खाकरला नाही. शेवटी मीच खाकरलो. म्हणाला, "मालक कायमचे वृंदावनला चाललेत. म्हनले, जाताना कुनाचा तळतळाट नगं. पाडव्याच्या आत मुद्दलाचं निम्मं टाका, व्याज समदं सोडलं, कर्जाचं खत तुमच्या म्होरं फाडतो. पाडव्यानंतर खतं पुतण्याच्या हातात जात्यात. आन् पुतण्या लय कडक हाय. त्यो वट्ट्यावर बसायचा न्हाई, सरळ अदालतीत जायाचा." खतात विहिरीकडचं रान लिहून दिलेलं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (तुम्ही तेव्हा जवळ बसला होता.) ते रान गेलं तर उरलेल्या मुरमाडात आम्ही काय दगड पेरायचे?

मला तर ओट्यावरच नाचावंसं वाटलं. कापसाचे पैसे पेटीत पडून होते, निम्मं सहज भागत होतं. आत जाऊन आईला सांगितलं. आई ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, न्हाई. मी म्हटलं, काय न्हाई? म्हणाली, निम्मं द्यायचं न्हाई. तुझ्या बापानं बेलभंडार उचलून शब्द दिला व्हता, पै न् पै फेडीन म्हणून. तू निम्म्यावर मिटवलंस तर वर त्यांनी कुण्या तोंडानं देवाम्होरं उभं ऱ्हायचं? आता सांगा, साहुकारानं सोडलं, सटवाजीनं सोडलं, आणि घरातली म्हातारी सोडीना! मी तऱ्हेतऱ्हेनं समजावलं. ओरडलो. (फार नाही ओरडलो. शेजारी भिंतीवरून बघायला लागले, इतकंच.) शेवटी म्हटलं, शब्द खंडोबाच्या नावानं दिलाय ना, मग खंडोबालाच विचारू, कौल लावू. आई लगेच कबूल झाली. इतक्या लगेच कबूल झाली तेव्हाच माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

आमच्याकडं कौलाची रीत अशी की दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या आणि वाट बघायची. ठरलं असं की उजवी आधी पडली तर निम्म्यात मिटवायचं, डावी पडली तर पुरतं फेडायचं. पांढऱ्या कण्हेरीच्या पाकळ्या आईनं घरूनच आणल्या, सोवळ्यात, ओल्या करून, झाकून. गुरवाला एकेक हातात दिली. गुरवानं चिकटवल्या, आणि आम्ही हात जोडून बसतो न बसतो तोच डावी टपकन खाली! आईनं गालांवर हात मारून घेतले आणि म्हणाली, झालं, देव बोलला. माझं तोंड पार उतरलं. उठायला लागलो, पण गुरव म्हणाला, उजवी पडल्याबिगर देवाला आंघोळ घालता येत नाही, बसा. बसलो. ऊन चढलं. उजवी पाकळी वाळून कोळ झाली तरी पडेना. गुरव जांभया देऊ लागला. आणि मग, दाजी, मला खंडोबाच्या खांद्यावर काहीतरी हलताना दिसलं. मुंगळे! एकामागं एक, सरळ रांगेनं, देवाच्या दंडावरून उजव्या खांद्याकडं. गुरवानं पाकळीची कड खरवडून जिभेला लावली आणि आईकडं बघून म्हणाला, "चतुराबाई, गूळ! आवो, देवाला बी फसवायल्या का तुमी?"

मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आईकडं बघितलं. आई पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली. वडील गेले तेव्हासुद्धा तिला मी असं रडताना बघितलं नव्हतं. गुरव बिचारा देवाचे मुंगळे झाडायचे सोडून पाणी घेऊन आला. मग ती बोलली. बेलभंडाराचं खरंच होतं, पण कारण ते नव्हतं. कर्ज मिटलं तर सटवाजीची फेरी बंद होईल, आणि सटवाजी यायचा बंद झाला तर माझ्या नर्मदीची खबर कोण आणील? हे कारण होतं. ती पुरचुंडी सटवाजीसाठी कधी नव्हतीच, दाजी. ती चारठाण्याला जायची. तुमच्या आडावर आक्का भेटली की सटवाजी ती तिच्या घागरीशेजारी ठेवायचा, आणि परतताना आईला दोन गोष्टी सांगायचा: बरी हाय, हसली, वाळल्यावानी दिसती. आणि एक दोरा द्यायचा.

त्या दोऱ्याचं सांगतो. आईच्या खाटेशेजारच्या खुंटीला दोऱ्यांचा झुपका टांगलेला असतो. मला वाटायचं गुडघ्यांसाठी कुणी मंतरून दिले असतील. ते भुजंगाच्या उंचीचे आहेत. आक्का पोराला भिंतीशी उभं करते, दोरा लावते, तोडते आणि पाठवते. आई नवा दोरा जुन्याला लावून बघते, किती वाढला ते. नातवाला तिनं तेवढंच बघितलं आहे. आणि त्यातला एक दोरा मी मागं कंदिलाची कडी बांधायला घेतला होता. आई दिवसभर जेवली नव्हती, आणि मी तिला म्हणालो होतो, दोऱ्यासाठी कशाला फुगून बसलीस.

आता तुम्हीच सांगा मी काय करू. निम्मं देऊन मोकळा झालो तर आईच्या हातात काय उरतं? आणि दिलं नाही तर पुतण्या पाडव्यानंतर विहिरीकडचं रान घेतो, आणि तो काही पुरचुंड्या नेणारा माणूस नव्हे. रागात लिहायचं नाही असं वर म्हटलं खरं, पण मला लय राग येतो, दाजी. लेकीची खबर मिळावी म्हणून आईनं कर्ज जपून ठेवायचं, हा कुठला न्याय? मी म्हटलं, मी स्वतः चारठाण्याला जातो. तर म्हणाली, तुला दारात उभं तरी करतील का रं? तेच आता तुम्हाला विचारतो. सल्ला लवकर द्यावा, पाडवा जवळ आहे. आबांच्या पायांवर माझं डोकं आणि भुजंगाला पोटभर आशीर्वाद.

आपला मेहुणा,
दिनकर

ता.क. पत्र लिहून वाळत ठेवलं तोच सटवाजी खाकरला. पत्र तोच आणतो आहे. निम्म्याचे पैसे मी आज त्याला देऊन टाकले, तेव्हा वरचा सल्ला देण्याची तसदी घेऊ नये. तसदी दुसरीच आहे. आमचं जसं साहुकाराला देणं होतं, तसं तुमचं आमच्याकडं पटक्याचं येणं आहे, ते मी कबूल करतो. (रंगाचा दोष दुकानदाराचा, हे मात्र मी मरेपर्यंत म्हणणार.) तर साहुकारासारखी तुम्हीही निम्म्यावर तडजोड करा. निम्मा राग ठेवा, माझ्यावरचा ठेवा, खुशाल व्याजासकट ठेवा. आईवरचा निम्मा सोडा आणि आखितीच्या सणाला आक्काला नि भुजंगाला माहेरी पाठवा. सटवाजीला मी सांगितलं आहे की जवाब मिळेपर्यंत तुमच्या ओट्यावरून उठायचं नाही. त्याला जास्त लोणी लागतं.

ता.क. दुसरा. आक्का आडावर चोरून भेटते म्हणून तिच्यावर रागावू नये. रागावायचंच असेल तर आधी स्वतःवर रागवा. सटवाजीच्या तोंडून निसटलं की मागच्या वेळी दोरा लावताना पोरगं उभं राहीना, लय हालायलं, तेव्हा पाव्हण्यांनीच, म्हणजे तुम्हीच, खाली बसून त्याचे पाय धरले, आणि तोंडानं एक अक्षर काढलं नाही. हे ऐकलं नसतं तर हा कागद लिहायची माझी छाती झाली नसती.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. पत्राच्या घडीत एक दोरा आहे तो आईच्या उंचीचा. आक्काला दाखवायला म्हणून तिनंच मापायला लावला. लग्नात दोघींचा खांद्याला खांदा लागायचा, आता हा आक्काच्या छातीपाशीच संपेल. दोरा लावताना मी म्हणालो, आई, जरा सरळ उभी ऱ्हा की. तर म्हणाली, उभीच हाय की रं.