आईचा पलंग आणि तुमचे चार दांडे

निमगाव सावा,
मंगळवार, दि. १८ फेब्रुवारी २००३

चि. भरतराव यांस,

दाजींचे अनेक आशीर्वाद (हाताशी दुसरं काही नाही म्हणून आशीर्वादच पाठवतो आहे). इकडे सर्व खुशाल. म्हणजे माझ्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आहे, तुमच्या भगिनी प्रतिभाबाई यांची कंबर धरली आहे आणि गेणूमिस्त्री माझ्याकडे बघून तोंड फिरवतो. एवढं सोडलं तर खुशालच. तिकडे तुमची, श्रेयाची आणि बाळ शौर्यची तब्येत उत्तम असेल अशी आशा आहे. तुमची तर उत्तमच ठेवा, कारण तुम्ही गावी आलात की तिला माझ्यापासून धोका आहे. फोनच करणार होतो. पण मी जरा आवाज चढवला की तुमच्या फोनला आवाज येईनासा होतो. पत्राला ती सोय नाही, म्हणून पत्र.

आमच्या आईचं तुम्हाला ठाऊकच आहे. गेली दोन वर्षं धाप. आडवी झाली की छाती भरून येते, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या लागेल तेवढाच डोळा. पाठीशी उशा लावाव्यात तर तासाभरात घसरून खाली येते. मंचरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण झोप काही गोळीत मिळत नाही. तिचा ध्यास मात्र एकच: घरातले देव एकदा जेजुरीला भेटवून आणा. ही आमच्याकडची दर तिसऱ्या वर्षाची रीत, बाबा गेल्यापासून राहिलेली. एस्टीत तिला बसवत नाही आणि तिच्याशिवाय देव हलत नाहीत. म्हणून मी कांदे वाहायच्या बंद बॉडीच्या मॅटेडोरमध्ये पलंग करायचा ठरवला. तुमच्या कंपनीतल्या कुण्या साहेबाचं ते चालतं घर तुम्हीच मला फोटोत दाखवलं होतं ना, वर पलंग आणि खाली सामानाची पेटी, तसं. (त्या फोटोतली बाई एका हातात कप धरून दुसऱ्या हाताने पलंग उचलत होती. तिथेच मला शंका यायला हवी होती.)

गेणूमिस्त्रीने बाभळीच्या फळ्यांचा पलंग केला. पायाकडे बिजागऱ्या आणि उशाकडून उचलायचा. पण उचलायला दोन गडी लागत, तिसरा आत वाकून सामान काढी आणि त्याचा जीव टांगणीला. दिवाळीत तुम्ही भाऊबीजेला आलात, पलंगाला हात लावून हसलात आणि गेणूच्या तोंडावर म्हणालात, "दाजी, हे एका बोटानं उचललं पाहिजे." मग गाड्यांचं मागचं दार आपोआप वर ढकलतात तसले गॅसचे दांडे आणलेत. दोन पुरतील असं मी म्हणत होतो, पण बहिणीच्या सासरचं काम म्हणून तुम्ही चार लावलेत. बाभळीच्या वजनाला ते बरोबर बसले, हे मी कबूल करतो. तुम्ही पुण्याला गेलात. आणि इथे गेणूला तुमचं हसणं लागलं होतं. मला न सांगता त्याने बाभळीच्या फळ्या काढून पातळ प्लायवूड बसवलं, का तर "पावण्यांना हलकं पाहिजे व्हतं ना, घ्या हलकं." दांडे तेच, बाभळीच्या ताकदीचे. मी पलंगाची लाकडी खिट्टी काढली मात्र, फळीने गादी, उशी आणि गादीवर बसलेलं मांजर एकदम टपावर आपटलं. ते मांजर अजून वाड्याकडे फिरकलेलं नाही. एका बोटाची सुद्धा गरज उरली नाही, भरतराव! दोन माणसं वर बसतील तेव्हाच पलंग मिटणार. मग गेणूने कडी-कोयंडा ठोकला, मी कुलूप लावलं आणि आम्ही दोघांनी तुम्हाला शिव्या दिल्या. तेवढ्यापुरती आमची एकी झाली होती.

परवा रविवारी निघालो. मी, आई, प्रतिभा आणि गाडी चालवायला चिमाजी. देवांचे टाक लाल फडक्यात बांधून पितळी डब्यात ठेवले, डबा पेटीत, शेजारी भंडाऱ्याची पिशवी, वर कुलूप. इतकी चोख व्यवस्था आमच्या घराण्यात कुणी केली नसेल, असं मला वाटत होतं. आईला उचलून गाडीत ठेवली, गाडी रस्त्याला लागल्यावर पलंग दाखवला. ती म्हणाली, "देव कुठंयत?" मी छाती फुगवून सांगितलं, "तुझ्याच पलंगाखाली." ती विंचू चावल्यागत मागे सरली. "आरं, मी काय देवाच्या उरावर निजू व्हय?"

बरं, कुलूप काढू, तर किल्ली घरी देवघराच्या फळीवर. तोवर नारायणगाव मागे पडलेलं. मी म्हटलं माघारी फिरू. आई म्हणाली, उंबऱ्याबाहेर पडलेले देव भेट घेतल्याबिगर माघारी येत न्हाईत. गाडीच्या टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, कुलूप तोडू म्हटलं, तर टॉमी पेटीतच. मंचरला एका गॅरेजवाल्याकडून घण मागून आणला, तर आई आडवी पडली (म्हणजे उभी राहिली, आडवी तिला पडता येत नाही). "देवाच्या डोस्क्यावर घण घालतोस?" झालं. त्यापुढे खेड, चाकण, हडपसर, असा सगळा रस्ता तो गुबगुबीत पलंग मोकळा आणि आम्ही तिघं मायलेक आणि सून खाली पत्र्यावर, गुडघे हनुवटीला लावून. सिग्नलला हवेसाठी मागचं दार उघडलं की मागच्या बसमधले लोक वाकून बघत होते. प्रतिभा पदराने तोंड झाकून बसली होती, कारण भाऊ तिचा. आणि आईची धाप वाढत चालली होती. भरतराव, हसण्यावारी नेतो आहे, पण दिवेघाट लागला तेव्हा तिचे ओठ काळवंडले होते आणि मला मनापासून भीती वाटली. देव भेटवायला निघालो आणि आईच हातची जाते की काय.

घाटात चिमाजीने एक खड्डा असा घेतला की प्लायवूडमधले कोयंड्याचे स्क्रू दाण्यासारखे उडाले. फळी सुटली, ती आधी माझ्या कपाळावर आणि मग टपाला. गादी प्रतिभाच्या अंगावर. भंडाऱ्याची पिशवी फुटली. पुढून चिमाजी "टायर गेला, टायर गेला" ओरडत थांबला आणि मागचं दार उघडून बघतो तर आत आम्ही तिघं पिवळेजर्द. जेजुरीच्या अलीकडे तीन गावं आमचा भंडारा खेळून झाला होता.

आईने मात्र पहिल्यांदा डबा उचलून पोटाशी धरला. मग म्हणाली, "आता मला वर बसवा." आम्ही फळी दाबून गादी टाकली, तिला निजवली आणि हात सोडले. तुमचे चार दांडे आणि आमची आई यांचं काहीतरी जमलं बघा. फळी तिला घेऊन हळूच उशाकडून दीड हात वर आली आणि थांबली. पायाशी गाडीच्या बॉडीची भिंत होती, त्यामुळे घसरायचा प्रश्न नाही. मी फळी परत दाबायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे." आणि सासवड यायच्या आत झोपली. दोन वर्षांत मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. जेजुरीला गाडी लावून आम्ही तास दीड तास तिला उठवलंच नाही. देव थांबले.

दर्शन झालं, देवांना अंघोळ घातली, घरी आलो. पण म्हणून तुमची चूक लहान होत नाही! मोजमाप न करता दुप्पट दांडे लावणारा माणूस कंपनीत काय करत असेल, या विचाराने माझी झोप उडाली आहे. येत्या रविवारी पाना घेऊन या आणि तुमचे दांडे काढून घेऊन जा. जेवायला मिळेल, गोड मिळणार नाही.

आपला संतप्त,
रामनाथ

ता. क. गेणूमिस्त्रीला बरोबर घेऊन जा म्हणजे दोन्ही कलावंत एकाच ठिकाणी राहतील.

ता. क. २. पत्र आईला वाचून दाखवलं. तिने दांडे काढायला मनाई केली आहे. खरी गोष्ट अशी की रविवारपासून ती अंगणात मॅटेडोरमध्येच झोपते आणि उतरायला तयार नाही. माझे कांदे खळ्यात पडून आहेत. तेव्हा पाना आणाच, पण येताना असलेच चार दांडे आणखी आणा. घरातल्या कॉटला लावायचे आहेत. आईचं वजन छत्तीस किलो, या वेळी मोजून आणा. मी रागातच आहे, हे लक्षात असू द्या.

ता. क. ३. छत्तीस खोडा. आई म्हणते, "पावण्यांना म्हणावं जरा जोराचंच आणा. आता झोप लागतीया, तर मी लई जाड व्हणार हाय."