भिंतीवरची बिडी

आई, या वयात मी भिंत चढायला लागले आहे. आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात, छपराखाली, दोन मजली उंच भिंत उभी केली आहे. तिच्यावर रंगीत दगडांसारखे गोळे घट्ट बसवलेत. कमरेला पट्टा बांधायचा, गोळे धरत, त्यांच्यावर पाय देत वर जायचं. पट्ट्याचा दोर वरच्या कडीतून खाली येतो आणि खालचं माणूस तो ताणून धरतं. तुला सांगितलं असतं तर मांडीवरचं तंबाखूचं सूप बाजूला सारून तू विचारलं असतंस, "वर काय ठेवलंय म्हणं?" काही ठेवलेलं नाही. हात लावायचा आणि खाली यायचं.

हे गेले आणि त्यांच्या जागेवर मला इथल्या लायब्ररीत घेतलं, तेव्हा तूच निपाणीहून माझ्याबरोबर बेळगावला आली होतीस. गेटाशी पदर सारखा करून म्हणालीस, "रडायचं ते घरात रड. हितं काम कर." तसंच करत आले. पुस्तकं लावता लावता आधी त्यांच्या पाठीवरची नावं वाचली, मग आतलं वाचायला लागले. आता कपाटात मी न वाचलेलं मराठी पुस्तक शोधावं लागतं. पण संध्याकाळी घरी गेल्यावर कुलूप मलाच काढायचं आहे, हे अजून अंगवळणी पडलेलं नाही. शनिवारी दुपारी तर ते कुलूप नकोच वाटतं. म्हणून शनिवारी स्टाफलाही भिंत खुली आहे असं कळल्यावर मी नाव दिलं. आमचा क्लार्क हसला. "मावशी, वरच्या कप्प्यातलं पुस्तक काढायला तुम्हाला स्टूल धरून द्यावं लागतंय, आन भिंत चढणार व्हय?" मी म्हटलं, "स्टूल हलतंय. भिंत हलत न्हाय."

चढणं जमलं. तुझ्या शेजारी बसून विड्या वळल्या, त्या बोटांना पकड आहे. जमेना ते उतरणं. वर पोचलं की दोन्ही हात सोडून पट्ट्यात मागं बसायचं, मग खालचं माणूस दोर सैल करत अलगद उतरवतं. माझे हातच सुटत नव्हते. दरवेळी मी चाचपडत, एकेक गोळा धरून खाली यायची. शिकवणारी मुलगी धारवाडकडची, मराठी तोडकं बोलते. ती वैतागली. "आक्का, असं उतरताना मार लागतो. पुढच्या शनिवारी हात नाही सोडला तर मी वर पाठवणार नाही." आठवडाभर तेच डोक्यात. मला ही भिंत सोडायची नव्हती.

त्या आठवड्यात लहानपणचा आपला माळा फार आठवला. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे तिथं असायचे म्हणून मी चढून बसलेय, शिडी कुणीतरी नेलीय, आणि तू खाली हात पसरून उभी आहेस. बोटांना दोरा गुंडाळलेला तसाच. "मार उडी. मी हाय न्हवं." मी भिंतीतल्या खुंट्या धरत, गुडघे सोलत खाली आले. तू मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. पसरलेले हात खाली घेतलेस आणि म्हणालीस, "एवढा बी भरवसा न्हाय व्हय गं माझ्यावर?" आणि परत विड्या वळायला बसलीस. त्या दिवशी मार दिला असतास तर मी विसरले असते.

शनिवारी वर पोचले. हात लावला. खालून ती मुलगी ओरडली, "आक्का, कै बिडी! बिडी, बिडी!" आता बाजारात सगळा जन्म कानडी ऐकलेली मी, बिडी म्हणजे सोडा हे काय मला कळत नाही? पण तिथं लटकलेल्या माझ्या कानाला निपाणीशिवाय दुसरं काही ऐकू येईना. नाकात तंबाखूचा खकाणा आल्यासारखं झालं. मी वरून ओरडले, "आता बिडी न्हाय वळत! कवाच सोडलं ते काम!" खाली मराठी पोरी पोट धरून हसायला लागल्या. एक म्हणाली, "मावशी, काम न्हवं वो, हात सोडा म्हणत्यात!"

मलाही हसू आलं, पण हसण्यानं मूठ सुटत नाही. घाम गोळ्यावर उतरत होता. खाली न बघता मी विचारलं, "दोर धरलाय न्हवं?" ती म्हणाली, "धरलाय, आक्का." मी मनाशी म्हटलं, आज हिच्यावर भरवसा ठेवायचा. डावा हात सोडला. मग उजवा. वीतभर खाली गेले आणि लगेच पट्ट्यानं मला उचलून धरलं.

पाय जमिनीला लागल्यावर पोरींनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी क्लार्कनं विचारलं, "वरनं कसं दिसतंय मावशी?" मी ऐटीत सांगितलं, सगळा हॉल दिसतो, वरच्या खिडकीतून मैदानापलीकडची झाडंसुद्धा. हे पत्र कुठं धाडायचं नाही, तुला वाचताही येत नव्हतं, म्हणून तुला खरं सांगते. हात सोडल्यापासून पाय टेकेपर्यंत माझे डोळे गच्च मिटलेले होते. वरून काय दिसतं ते मला अजून माहीत नाही. या शनिवारी बघणार आहे.